समोरची जागा

सोजराबाईनं पाट मांडला, हिरव्या कापडाची गाठ सोडली, पोथीला डोकं टेकवलं आणि रोजच्यासारखी पहिल्या ओवीवर नजर ठेवली, तर ओवी जागेवर नव्हती. पान होतं. पानाचा काठ होता, काठावर तिच्याच बोटानं इतक्या वर्षांत पाडलेला हळदीचा डाग होता. पण मधोमध, जिथं बघावं तिथं, कुणी ओल्या बोळ्यानं पुसून घेतल्यासारखं राखाडी. अंगारा सांडला असंल म्हणून तिनं फुंकर मारली. पदरानं पुसलं. मग डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि हळूच डावीकडं बघितलं, तर गेलेले शब्द उजवीकडं परत आले आणि डावीकडचे गेले. लपाछपी खेळायला लागले होते शब्द तिच्याशी. जिथं बघावं तिथलं जातंय, जिथं बघत नाही तिथलं राहतंय. खाली गल्लीत नळाला पाणी आलं होतं, घागरी एकमेकींना लागून वाजत होत्या. आतल्या खोलीत सून श्रीदेवी ब्लाऊज शिवत होती. तिची मशीन एका दमात लांब शिवण मारून थांबली, पुन्हा धावली. सगळं होतं तसंच होतं. कलबुर्गी होतं तिथंच होतं. फक्त सोजराबाईच्या समोरून एक अख्खा अध्याय उठून गेला होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. अध्याय तिला पाठ होता, झोपेतून उठवलं तरी म्हटला असता. पण पाठ म्हणणं निराळं आणि वाचणं निराळं, हे तिला ठाऊक होतं आणि ज्याच्यासाठी वाचायचं त्यालाही ठाऊक होतं. नेम वाचायचा होता. मुलगा सुनीलकुमार अंगावर पीत होता तेव्हा गावी संतपुरात तापानं फणफणला होता. घोंगडीत गुंडाळलेला तो निखारा मांडीवर घेऊन ती औरादच्या गाडीची वाट बघत रस्त्याकडेला बसली होती, बाजूला तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या, आणि तिथं ती बोलून गेली होती : हा जगला तर रोज तुझा एक अध्याय वाचल्याबिगर तोंडात घास घालणार न्हाई. तो जगला. आता डाळमिलमध्ये मशीनवर असतो, उजाडायच्या आत घरातनं बाहेर पडतो. आणि ती वाचत राहिली. लग्नाघरी वाचलं, बसस्टँडच्या बाकावर वाचलं. नवरा सिद्धाप्पा गेला तेव्हा सुतकात पोथीला शिवायचं नाही म्हणून तेवढे दिवस नुसत्या ताकावर काढले. आता एवढ्या लांब आल्यावर देवाला पाठांतर ऐकवून फसवायचं? तिनं पोथी बांधली, कपाळाला लावली, आणि ताटावर ताट झाकलं.

श्रीदेवीच्या लक्षात यायला दुसरा दिवस उजाडावा लागला. "आत्याबाई, भाकरी तशीच हाय की. कामून?"

"भूक न्हाई गं."

"काल बी न्हाई, आज बी न्हाई. मला न सांगता कोणता उपास धरलाव?" असं म्हणून ती पुढ्यात बसली, आणि सोजराबाईनं तिच्याकडं बघितलं. सुनेचे कान दिसले, कानातली फुलं दिसली, खांद्यावरचा सुईत ओवलेला दोरा दिसला. तोंड नव्हतं. तेव्हा मात्र सोजराबाईला रडू आलं.

डॉक्टरानं डोळ्यांत औषध घातलं, उजेड टाकला, आणि श्रीदेवीला कन्नडात सांगितलं की मधलं गेलंय, ते परत येणार नाही. कडेचं राहील, चालता-फिरता येईल. कन्नड सोजराबाईला कळत होतं. रिक्षात बसल्यावर ती मनाशी म्हणाली, कडेचं ठेवलास, तुझी मर्जी. पण मग नेम कुठं ठेवू, तेवढं सांग. उत्तर आलं ते श्रीदेवीकडून. श्रीदेवी आळंदची, शाळा सगळी कन्नडातली. मराठी बोलायची घडाघडा, वाचायची म्हणजे अनवाणी खडीवरून चालल्यासारखं. ती म्हणाली, "मी वाचू लागले तर तुमचं जेवण दिवाळीला व्हईल. शेजारच्या शरणबसवला बोलावू का? शाळेत हिंदी शिकायलाय, अक्षरं तीच हायेत की."

दुसऱ्यानं वाचलेलं चालतं का? सोजराबाई विचार करत बसली. संतपूरच्या देवळात श्रावणात पोथी लागायची, तेव्हा एकजण वाचायचा, एकजण अर्थ सांगायचा आणि सारं गाव ऐकायचं. म्हातारी माणसं म्हणायची, वाचणाऱ्याला जेवढं पुण्य तेवढंच ऐकणाऱ्याला. वाचणारा भिंतीला टेकून बसायचा, त्याच्या अंगाला अंग लावून पुरुष, आणि बायका-पोरी समोर, दाराकडं. सगळ्यांत पुढं, पाटाला नाक लागेल इतकी जवळ, शेळ्यांच्या वासाची एक पोर. तीच ती. अक्षर तिथंच तिच्या डोळ्यांत शिरलं होतं, कुणी शिकवायला बसलं नव्हतं. मग ऐकणं चालेल. चालायलाच पाहिजे.

शरणबसव आला तो दाराशीच उभा राहिला. आठवीतला, नुकताच आवाज फुटलेला. "अज्जी, मी वाचलो तर मला काय भेटंल?"

"तुला काय भेटायचं? मला जेवाया भेटंल."

त्यानं थोडा विचार केला. "म्हणजे मी न्हाई आलो तर तुम्ही उपाशी?"

"व्हय."

"ही तर दादागिरी झाली की, अज्जी!" असं म्हणत तो बसला, आणि पहिल्याच ओवीला ठेच लागून आडवा झाला. सोजराबाईला प्रत्येक शब्द येत होता. तरी ती थांबली. तो पडला की ती त्याला उठू द्यायची. ओवी संपली की ती अर्थ सांगायची, पोथीतल्या भाषेत नाही, नळावरच्या भाषेत. पोथीतला राजा तिच्या तोंडी औरादच्या बाजारातून जायचा आणि राणी सासूला चुकवून माहेरला पळायची. शरणबसव हसायचा आणि पुढची ओवी जरा नीट वाचायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची बहीण आली, मग वरच्या मजल्यावरची दोघं, मग कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचा मुलगा. गल्लीत बातमी पसरली की अज्जी पोरांनी वाचल्याशिवाय जेवत नाही, आणि ते पोरांचं काम न राहता गल्लीचं झालं. कुणाची आई नळावरून ओरडायची, "उठ रे मेल्या, अज्जी उपाशी बसलीय!" कुणी पायऱ्यांखालून विचारायचं, "अज्जी जेवली का?" आणि खिडकीतून पोरांचा ओरडा, "जेवायलीय!" सोजराबाईला लाज वाटायची. सारा जन्म तिनं नेम असा केला होता की शेजारच्या भिंतीलासुद्धा कळू नये. आणि आता तिची भूक गल्लीभर टांगली होती, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. पण त्या लाजेच्या खाली कुठंतरी एक ऊब होती, ती तिनं देवालासुद्धा सांगितली नाही.

पोथी एकच. वाचणारा सोजराबाईच्या कडेला, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून बाकीचे, आणि त्या जागेसाठी ढकलाढकल. समोर, उंबऱ्याच्या बाजूला, कुणीच बसायचं नाही, कारण तिथून काय दिसणार? तिथं बसायची मल्लेश्वरी. समोरच्या खोलीतल्या नागव्वाची लेक, दिवाळीच्या आधी खेड्यातून आणून इथल्या शाळेत घातलेली. ढकलाढकलीत तिचा नंबर कधी लागला नाही, आणि तिनं कधी मागितलाही नाही. गंमत अशी की सोजराबाईला सगळ्या पोरांत दिसायची ती हीच. वाचणाऱ्याकडं तोंड केलं की वाचणारा राखाडीत बुडायचा आणि उंबऱ्यावरची ती पोर डोळ्याच्या कडेला स्पष्ट व्हायची, घट्ट वेण्या, मानेवरचा धागा, आणि ओठ. ओठ हलायचे. सोजराबाईनं वळून नीट बघायला जावं तर पोर नाहीशी. म्हणून ती वळायची नाही. भित्रं पाखरू दाणे टिपतंय आणि आपण दुसरीकडं बघतोय असं दाखवावं, तशी ती बसून राहायची.

मग पोथी एकदा संपून पुन्हा पहिल्यापासून लागली आणि पोरं कुरकुरायला लागली. राणी माहेरला जाणार हे आता सगळ्यांना माहीत होतं. गिरणीवाल्याचा पोरगा म्हणाला, "अज्जी, दुसरं काही न्हाई का? ह्या पोथीत एकबी हत्ती न्हाई." खालच्या मजल्यावरचा सोमशेखर अफजलपूर-सोलापूर गाडीवर कंडक्टर, त्यानं हे ऐकलं, आणि एका संध्याकाळी सोलापुरातून गोष्टींच्या पुस्तकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणून पायरीवर ठेवला. मराठीतली, आणि कलबुर्गीतच कुणाकडून तरी मागून आणलेली काही कन्नडातली. "अज्जी, रद्दीवाल्याकडं बसून एकेक निवडलोय. हत्ती हाय बघा, दोन-तीन पुस्तकांत हाय." दुसऱ्या दिवशी शरणबसवनं पोथीची एक ओवी भराभर उरकली आणि लगेच एका शेळीची गोष्ट काढली. ती शेळी म्हणे पुलावरून जायला तयारच होईना. मालकानं पाला दाखवला, काठी दाखवली, गाणं म्हटलं. शेळी आपली पाण्यातल्या शेळीकडं बघत उभी. सोजराबाई विसरली की आपण नेमाला बसलोय. संतपूरच्या ओढ्यावर तिचीच एक काळी शेळी अशीच अडली होती आणि बापानं तिला खांद्यावर घेऊन पलीकडं नेलं होतं, शेळीचं पोट त्याच्या मानेवर, गरम. तिचं धडधडणं त्याच्या कानात, आणि मागून चालणाऱ्या सोजराला वाटलं होतं की आपल्यालाही कुणीतरी असं उचलावं. गोष्ट संपली, ताट आलं, तिनं पहिला घास मोडला आणि हात तिथंच थांबला. हे चाललं का? एका ओवीवर आणि एका शेळीवर आपण जेवायलो का? दिवसभर तो घास तिच्या छातीशी अडला. संध्याकाळी दिवा लावताना तिनं देवापुढं हात जोडले, आणि जोडलेल्या हातांच्या पलीकडं, नजरेच्या कडेला, उंबऱ्यावर ती पोर एकटीच बसून ओठ हलवताना दिसली. पुस्तक नव्हतं. ती शेळीची गोष्ट हवेतून वाचत होती. सोजराबाईच्या छातीतला घास हळूच खाली उतरला. तुला चाललं दिसतंय, ती म्हणाली.

त्यानंतर एक दिवस मराठी, एक दिवस कन्नड असं ठरलं. कन्नडाच्या दिवशी अर्थ सांगायला श्रीदेवी मशीन सोडून यायची. आणि संक्रांत जवळ आलेली असताना एका दुपारी नागव्वा आली. डाळमिलमधून तशीच, केसांवर, भुवयांवर डाळीची पिवळी पूड.

"सोजराक्का, पोरीला गावाकडं धाडायलेय, कडगंचीला. माझ्या अव्वाकडं."

"सणाला?"

"कायमची. शाळेतल्या बाई म्हणायल्या, हिला अक्षर लागत न्हाई. फळ्यावरचं काय बी विचारा, मुकी. पुस्तक हातात दिलं की डोळे पांढरे. इथं भाडं भरून कामून ठेवायची मग? तिकडं शेळ्या तरी राखंल."

"शेळ्या," सोजराबाई म्हणाली. शेळ्या राखण्यात वाईट काय, तिनं राखल्याच होत्या. पण ते ओठ, हलणारे ओठ, तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. ती काय सांगणार होती? मला दिसतं असं कुणाला सांगणार होती, ज्या बाईला समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही तिनं? तिनं नुसतं म्हटलं, "जायच्या आधी एकदा माझ्याकडं धाड."

जायच्या दिवशी शाळेत खेळ होते. गल्लीतली सगळी पोरं भल्या सकाळीच गेली. सोजराबाई आंघोळ करून पाटावर बसली, पोथी सोडली आणि वाट बघत राहिली. ऊन खिडकीतून पाटावर आलं, पाटावरून भिंतीवर चढलं. श्रीदेवी दोनदा म्हणाली, "मी वाचू का अडखळत?" दोन्ही वेळा सोजराबाईनं मान हलवली. आपण काय धरून बसलोय हे तिला नीट कळत नव्हतं. भूक पोटातून वर येऊन कानांत वाजायला लागली होती, घागरीत पाणी भरताना वाजतं तशी. आणि तेव्हा दारात नागव्वाचा आवाज आला, "पाया पड अज्जीच्या, चल लौकर, आळंदची गाडी निघंल."

मल्लेश्वरी वाकली. तिच्या केसांना नवं तेल होतं. सोजराबाईनं तिचं मनगट धरलं ते सोडलं नाही. "मी अजून जेवली न्हाई."

पोरीनं झाकलेल्या ताटाकडं बघितलं.

"आज कोणीच आलं न्हाई वाचायला. तू वाच."

"मला येत न्हाई, अज्जी."

"अक्का, कामून तिला रडवता?" नागव्वा म्हणाली. "तिला काय येतंय!"

सोजराबाईनं कोनाड्यात हात घातला. सोमशेखरनं परवाच आणलेला दुसरा गठ्ठा तिथं होता, सुतळीसकट, कुणीही न उघडलेला. तिनं सुतळी दातानं तोडली, वरचं पुस्तक काढलं आणि उंबऱ्याकडून सुलटं दिसेल असं पाटावर ठेवलं. मल्लेश्वरी आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. तिनं पुस्तकाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि मग दोन्ही हातांनी पुस्तक फिरवून घेतलं.

"बघा!" नागव्वा कळवळून म्हणाली. "उलटं धरली! शाळेतबी हेच करती. बाई सुलटं करून देत्यात आणि ही मुकी व्हती. पुस्तक कुठून धरायचं ते बी कळंना हिला, अक्का, मी काय करू?" आणि ती हात पुढं करून पुस्तक सरळ करायला वाकली.

"हात लावू नको!"

सोजराबाई जन्मात कुणावर ओरडली नव्हती. मशीन थांबली. श्रीदेवी दारात येऊन उभी राहिली. सोजराबाईनं तोंड खिडकीकडं वळवलं, म्हणजे पोर डोळ्याच्या कडेला यावी, आणि म्हणाली, "तू वाच, माय. तुला जसं पाहिजे तसं धरून वाच."

आधी नुसता श्वास. मग एक अक्षर. मग त्याला धरून दुसरं. "एका... डोंगरावर... एक म्हातारं... चिंचेचं झाड... होतं." आवाज इतका बारीक की खालच्या रिक्षानं तो झाकला, रिक्षा गेली तेव्हा झाडाला चिंचा लागल्या होत्या. पोर वाचत होती. अडत होती, पण पडत नव्हती. बोट उजवीकडून डावीकडं सरकत होतं, ओळ खालून वर चढत होती, चित्रातलं झाड मुळं वर करून उभं होतं, आणि शब्द मात्र एकामागून एक सरळ बाहेर येत होते. श्रीदेवी वाकून तिच्या खांद्यावरून बघत राहिली. "देवा रे," ती म्हणाली, "ही खरंच वाचायलीय. आत्याबाई, उलट्या अक्षरांत वाचायलीय!"

"पाठ असंल," नागव्वा पुटपुटली.

"आत्ता सुतळी तोडली मी. कोणाचं पाठ असणार?" सोजराबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. एवढ्या वर्षांनी तिला तो पाट दिसत होता, लख्ख, मधोमध, राखाडीचा ठिपकाही नसलेला : संतपूरचं देऊळ, भिंतीला टेकलेला वाचणारा, आणि समोर नाक लावून बसलेली शेळ्यांच्या वासाची पोर, जिला सारी अक्षरं डोक्यावर उभी भेटली होती. लग्नानंतर सिद्धाप्पानं तिच्यापुढं हीच पोथी ठेवली होती, आणि तिनं ती अशीच, अश्शीच दोन्ही हातांनी फिरवून घेतली होती. तो हसला होता. मग हसायचा थांबला होता. "हिला जागा भेटली न्हाई," ती नागव्वाला म्हणाली. "बाकी काही न्हाई झालं. शाळेत कोणाच्या पुस्तकात बघती ही?"

"उशिरा घातली ना, पुस्तकं वाटून झालती. पुढच्या बाकावरच्या पोरी मागं वळून बाकावर पुस्तक ठेवत्यात, त्यांच्यात बघती..." आणि बोलता बोलता नागव्वा थांबली. डाळीच्या पुडीनं माखलेला तिचा हात तोंडावर गेला. खाली आळंदच्या गाडीची वेळ आली आणि गेली.

"अव्वा," मल्लेश्वरीनं विचारलं, "पुढं वाचू का? त्या झाडाला वांदर विचारायलाय."

"वाच की," नागव्वा म्हणाली, आणि पिशवी खांद्यावरून खाली ठेवून मटकन बसली. झाड आणि वानर यांचं भांडण मिटेपर्यंत श्रीदेवीनं ताटं वाढली, सोजराबाईचं, नागव्वाचं, पोरीचं. सोजराबाईनं पहिला घास मोडला, तो मल्लेश्वरीच्या तोंडात घातला आणि मग स्वतः खाल्लं. ज्वारीची भाकरी इतकी गोड शेवटची कधी लागली होती, ते तिला आठवेना.

सिद्धाप्पानं तेव्हा जे केलं होतं तेच तिनं दुसऱ्या दिवसापासून केलं. पोथी हिसकून सरळ केली नव्हती त्यानं. रोज संध्याकाळी तो जरासा सरकून बसायचा आणि पुस्तक केसभर फिरवायचा, जात्याची पाळी फिरते तसं, पण इतकं सावकाश की दळणाऱ्यालाही कळू नये. सोजराबाईनं मल्लेश्वरीला उंबऱ्यावरून केसभर अलीकडं घेतलं. मग अजून केसभर. आडव्या अक्षरांशी पोर चार दिवस भांडली, रुसली, एकदा पुस्तक आपटून गेली आणि पायरीवरून परत आली. शाळेत बाईंना सांगायला श्रीदेवी आणि नागव्वा दोघी मिळून गेल्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढून पोरीला दिलं, तिचं एकटीचं.

आणि संक्रांतीला गल्लीतल्या बायकांनी वाण म्हणून वाट्या आणि कुंकवाचे करंडे आणले नाहीत. ही कल्पना कुणाची ते कुणालाच सांगता येईना, प्रत्येकीला आपलीच वाटत होती. सोमशेखरच्या गाडीतून पोत्यानं पुस्तकं आली. बायका एकमेकींना हळद-कुंकू लावत होत्या आणि ओटीत गोष्टी घालत होत्या, हत्तीची, चंद्राची, चोराची, मराठी, कन्नड. विधवेला वाण नसतं म्हणून सोजराबाई मागं सरकली, तर तिच्याच ओटीत इतकी पडली की तिला उठता येईना, आणि तिला उठवताना बायका हसून हसून खाली बसल्या.

आता सकाळी खोलीत पोरं भिंतीला टेकून ओळीनं बसतात, प्रत्येकाच्या मांडीवर आपलं आपलं पुस्तक, आणि समोर, उंबऱ्याच्या बाजूला, कुणीच नसतं. ती जागा सोजराबाईनं घेतली आहे. ती एकीकडं तोंड करून बसते; मग डोळ्यांच्या कडेनं तिला सगळी ओळ दिसते, सगळे ओठ हलताना, पाखरांच्या थव्यासारखे. मोठ्यानं वाचायची पाळी आज मल्लेश्वरीची. पुस्तक सरळ आहे. बोट डावीकडून उजवीकडं चाललंय.

खालून कुणीतरी हाक मारली, "अज्जी जेवली का गं?"

मल्लेश्वरीनं पुस्तकातून मान वर केली नाही. "थांबा की!" ती ओरडली. "अजून गोष्ट संपायचीय!"

ताट झाकलेलं होतं. भूक कडकडून लागली होती. सोजराबाई थांबली.